जी, एन आणि हरणविधवा

अक्षरांनी मला घाबरवायचं? मला? चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय मी! रास्पबेरी हार्बरमधल्या निम्म्या गावाने माझ्यासमोर बसून, बाहीला नाक पुसत ए, बी, सी, डी गिरवलंय. उरलेल्या निम्म्यांना अजून धड येत नाही, पण ते दुसऱ्या तुकडीत होते! त्यामुळे ग्रंथालयाच्या दारावर 'ज्येष्ठांना मेडिकेअरचा विमा निवडायला मदत करणारे स्वयंसेवक पाहिजेत' अशी पाटी लागली, तेव्हा पहिलं नाव माझं पडलं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले, पण डोकं अजून मूळचंच.

यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मेडिकेअर म्हणजे आमच्या अमेरिकेत पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा. त्याचे चार भाग : ए, बी, सी, डी. बरं, सरकार काही सगळं बिल भरत नाही, म्हणून उरलेल्यासाठी कंपनीचा पूरक विमा घ्यायचा. त्या विम्याच्या निरनिराळ्या योजना, आणि त्यांचीही नावं ए, बी, सी, डी! पुढे एफ, जी, के, एल, एम, एन! मधली ई, एच, आय, जे कुणी पळवली देव जाणे. म्हणजे भाग बी वेगळा आणि योजना बी वेगळी. जुळ्या पोरांना एकच नाव ठेवणाऱ्या आईबापांना आपण काय म्हणतो? ते मी सरकारला म्हणत नाही, कारण तीन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलंय, की स्वतःचं मत द्यायचं नाही.

हा नियम तेवढा लक्षात ठेवा. माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही. 'मी तुमच्या जागी असते तर' असंसुद्धा म्हणायचं नाही. अक्षर त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून आलं पाहिजे. मी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले आणि प्रमाणपत्र फ्रिजवर, मासळीच्या आकाराच्या चुंबकाखाली लावून टाकलं.

गावातल्या एकोणीस जणांना मी अक्षराला लावलं. विसावा होता माझा सख्खा धाकटा भाऊ, रेइनो. आणि तिथेच घोडं अडलं.

रेइनो जूनमध्ये पासष्टचा झाला. पासष्टी झाली आणि भाग बी सुरू झाला की पहिले सहा महिने पूरक विम्याची कंपनी तुमच्या तब्येतीबद्दल एक अक्षर विचारू शकत नाही. हवी ती योजना घ्या, नाही म्हणायची तिची टाप नाही. सहा महिने उलटले की मात्र चौकशा सुरू. छातीत दुखतं का? दम लागतो का? आणि माझा भाऊ खोटं बोलण्यात फार कच्चा. गेल्या वसंतात चर्चच्या सात पायऱ्या चढताना तो चौथीवर कठडा धरून उभा राहिला होता. "पक्षी बघतोय," म्हणाला. पक्षी नव्हता. मी बघितलं होतं.

जूनमध्ये म्हटलं, रेइनो, विम्याचं बघू. तर मासे लागले होते. ऑगस्टमध्ये जंगलात ब्लूबेरी पिकल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये लाकडं फोडायची होती. नोव्हेंबरची पंधरा तारीख उजाडली आणि हरणांची शिकार सुरू झाली! मग काय, गावातले सगळे पुरुष बंदुका, बिअर आणि दोन आठवडे न धुतलेले पायमोजे घेऊन जंगलातल्या लाकडी झोपड्यांत गडप! "तीस तारखेनंतर बघू, ताई," असं म्हणून हाही गेला. आणि त्याची मुदत संपत होती नेमकी तीस तारखेला.

माझा नवरा, आर्ने, असाच होता. छातीत कळ आली तेव्हा त्यानेही हेच सांगितलं होतं, तीस तारखेनंतर बघू. तीस तारीख आली, आर्ने नव्हता. बारा वर्षं झाली, पण नोव्हेंबर आला की मला अजून त्याचा राग येतो. म्हणून मी रेइनोच्या बायकोला, डार्लाला, निक्षून सांगितलं, "काय वाटेल ते कर, पण सोमवारी चारच्या आत त्याला माझ्या टेबलासमोर आणून बसव."

"आणते वन्सं," डार्ला म्हणाली. "कसा आणते ते विचारू नका."

सोमवारी सकाळी ग्रंथालयाचा बॉयलर बंद पडला. पुस्तकंसुद्धा कुडकुडत होती म्हणे! माझं टेबल उचलून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ठेवलं, पाण्याचे पाइप टांगतात त्या भिंतीखाली. आणि हॉलमध्ये त्या दिवशी काय होतं? हरणविधवांचा बिंगो!

नवरा शिकारीला गेला की आमच्याकडच्या बायका स्वतःला हरणविधवा म्हणवतात. दुःखाचं काही नाही हो, उलट वर्षातले हेच पंधरा दिवस घरात शांतता असते. साठेक बायका, वेलदोड्याचा पाव, कॉफीच्या किटल्या, आणि पहिलं बक्षीस म्हणून टेबलावर एक अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, लाल रिबिन बांधलेली. पेटीतून चेंडू काढायचा, त्यावर बी, आय, एन, जी, ओ या बिंगोच्या पाच अक्षरांपैकी एक अक्षर आणि एक आकडा असतो, तो ओरडायचा, ज्यांच्या कार्डावर असेल त्यांनी ठसा मारायचा. एक ओळ भरली की 'बिंगो!' म्हणून ओरडायचं.

ओरडायचं काम रोझेटाचं. पण रोझेटाचा घसा बसला होता. साधा नाही, पार तळाला! ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "बाई, चेंडू मी काढते, तुम्ही नुसतं ओरडा ना. तुमचा आवाज तिसरीच्या वर्गापर्यंत जायचा."

"अगं, पण माझं विम्याचं टेबल आहे."

"मग टेबलावरूनच ओरडा."

आता खरं म्हणजे इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण पस्तीस पोरांना एकाच वेळी वाचन, शू आणि मारामारी सांभाळून शिकवलेल्या बाईला दोन कामं म्हणजे काय हो? "दे इकडे!" मी म्हटलं.

पावणेचारला दार उघडलं आणि रेइनो आत आला. डोक्यापासून पायापर्यंत भडक केशरी, दाढीत पाइनच्या काड्या, धुराचा आणि आणखी कसला तरी वास. डार्लाने त्याला दंडाला धरून आणलं होतं. साठ बायकांनी वळून बघितलं.

"पावणेपाचला परत जायचंय मला," तो गरजला. "अंधाराच्या आत. शेवटचा दिवस आहे!"

"तुझं श्रवणयंत्र कुठाय?" मी विचारलं.

"आं?"

"यंत्र! कानातलं!"

"झोपडीत. शिट्टी वाजते त्याची, हरणं पळतात."

झालं! करवतीने त्याचे कान वीस वर्षांपूर्वीच खाल्लेत. आता त्याच्याशी जे काय बोलायचं ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं होतं, आणि त्याच आवाजात बिंगोही!

मी जी आणि एन या दोन योजनांचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. डार्लाने त्याच्या हातात लाल मार्कर दिला आणि आणखी कसला तरी कागद सरकवला. तो लगेच खाली वाकून बघायला लागला. मला भरूनच आलं. सहा महिने पळणारा माझा भाऊ, हातात मार्कर घेऊन मुद्दे अधोरेखित करत होता!

"हे बघ, जीचा हप्ता जरा जास्त," मी सुरुवात केली, "पण डॉक्टरकडे गेलं की खिशात फारसा हात घालायला नको. एनचा हप्ता कमी, पण दर खेपेला डॉक्टरला थोडे द्यायचे, आणि तातडीच्या विभागात गेलास तर आणखी."

रोझेटाने चेंडू वर धरला. "बी! नऊ!" मी हॉलकडे तोंड करून ओरडले.

"बी आहे माझ्याकडे!" रेइनो खूश होऊन म्हणाला.

"शाबास! भाग बी आहेच तुझ्याकडे, जूनपासून. त्याशिवाय पूरक विमा मिळतच नाही. आता सांग, तू डॉक्टरकडे किती वेळा जातोस?"

"कधीच नाही!"

"कधीच नाही?" डार्ला उसळली. "मे महिन्यात कानात मासळीचा गळ अडकला तेव्हा कोण गेलं होतं? जुलैत दुसऱ्या कानात? शिडीवरून पडलात तेव्हा? सॉनाच्या वाफेत तापल्या दगडावर बसलात तेव्हा?"

"ते डॉक्टरकडे नव्हे. ते तातडीत!"

रोझेटाने चेंडू वर धरला. "आय! बावीस!"

रेइनोने कागदावर जोरात ठसा मारला. मला वाटलं, याला तातडीच्या विभागाचा मुद्दा पटला. एनमध्ये तिथेच पैसे जातात ना! जिभेच्या अगदी टोकाशी आलं होतं, की अरे गधड्या, जी घे! पण नियम म्हणजे नियम. मी कॉफीचा घोट घेतला आणि ते अक्षर गिळलं.

तो पुन्हा कागदात बुडाला. त्याने माझ्याकडे बघावं, म्हणून मी टेबलावर थाप मारून हाक मारली, "ओ! पासष्ट झालास तू आता! लहान नाहीस!"

 मग तीन टेबलांवरून एकदम किंकाळ्या, "बिंगोऽऽ!"

रोझेटा हातवारे करत धावत आली. चेंडू तर तिच्या हातात होता, आणि त्यावर होतं एन-बत्तीस! ओ-पासष्ट पेटीतून निघालेलाच नव्हता! तिन्ही टेबलं हॅमवर हक्क सांगायला लागली. एकीने तर हॅम मांडीवर घेतलं. रोझेटा जीव तोडून कुजबुजत होती, "रद्द! रद्द!", आणि कुणालाही ऐकू येत नव्हतं. शेवटी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ओ-पासष्ट रद्द. चूक बाईंची' असं लिहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा फळ्यावर अशी ओळ लिहावी लागली. सगळ्यांनी आपापले ठसे खोडले. फक्त रेइनो फळ्याकडे पाठ करून बसला होता.

साडेचार वाजले. कंपनीवाले अर्ज फोनवर घेत होते, पण फक्त पाचपर्यंत. मी फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं आणि टेबलावर ठेवला. पलीकडे कुठल्या तरी उन्हाळी राज्यातली, गोड आवाजाची मॅरिबेल नावाची मुलगी.

"या संभाषणाचा आवाज नोंदवला जातोय. अर्जदाराचं नाव?"

नाव, पत्ता, मेडिकेअरचा क्रमांक, सगळं डार्लाने सांगितलं. रेइनो अधूनमधून "आं?" म्हणत होता.

"आणि आपण कोण बोलताय, मॅडम?"

डार्ला सकाळपासून बिंगोच्याच मजेत होती. छातीवर बिंगोवाल्या बायकांचा बिल्लाही लावलेला. ती ऐटीत म्हणाली, "मी त्यांची हरणविधवा!"

आमच्या गावात फोनची रेंज कशी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. शब्द अर्धाच पोचतो. आणि त्या दिवशी नेमकं 'हरण' वाटेत पडलं.

पलीकडची टकटक थांबली. मग मॅरिबेल अगदी हळुवार आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या कंपनीतर्फे मनापासून सहवेदना. मी अर्जदार मयत अशी नोंद करते. आपल्याला आता आणखी काही करावं लागणार नाही."

"काय?" डार्ला किंचाळली.

"काय झालं?" मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"रेइनो गेला म्हणे!"

"अगंबाई! कधी?"

"फोनवर सांगितलं आत्ता!"

बघता बघता हॉलभर पसरलं. पुढच्या टेबलांना रेइनो दिसत होता, पण मागच्यांना नव्हता. मागे दोघींनी डोळ्याला रुमाल लावले. तिसरी वही काढून विचारायला लागली, अंत्यविधीच्या जेवणाला बटाट्याचं कॅसरोल कोण आणतंय. "मी आणते, पण जेलीचं सॅलड नको हं, मागच्या वेळी चार जणींनी आणलं होतं!"

रेइनोने मान वर केली. "कोण गेलं?"

"तू!" मी ओरडले.

"आं?"

"तू गेलास!"

"कुठं गेलो? इथंच तर बसलोय! पावणेपाच व्हायचेत अजून!"

घड्याळात चार बेचाळीस झाले होते. मला एकदम आर्नेचा रिकामा कोट आठवला, अजून दारामागे टांगलेला.  मी फोन उचलून ओरडले, "पोरी, तो जिवंत आहे! माझा भाऊ आहे तो! हरणविधवा! हरण! शिंगं असतात ते!"

"मॅडम, मी आपलं दुःख समजू शकते," मॅरिबेल म्हणाली.

"अगं दुःख काय समजतेस! समोर बसलाय तो, वास येतोय त्याचा!"

हे वाक्य मी वेगळ्या पद्धतीने म्हणायला हवं होतं. मॅरिबेलने साहेबांना बोलावते म्हणून फोन धरून ठेवायला सांगितलं. सहा मिनिटं आम्ही सनईसारखं काहीतरी ऐकत बसलो. सगळा हॉल माझ्या टेबलाभोवती गोळा झाला होता. मागच्या टेबलावरच्या दोघी रेइनोला जिवंत बघून जराशा हिरमुसल्या, कॅसरोलचं सगळं ठरलं होतं ना!

"साहेब म्हणतात, अर्जदाराने स्वतः बोलावं," मॅरिबेल परत आली. "स्वतःची जन्मतारीख सांगावी."

मी प्रश्न कागदावर खरडला, रेइनोने वाचला आणि तारीख अशी गरजून सांगितली, की भिंतीवरचे पाइप हलले. मॅरिबेलची खात्री पटली. मेलेला माणूस इतका मोठ्याने बोलत नाही.

"धन्यवाद, सर. आणि दीर्घायुष्य लाभो. आता शेवटचं. कुठली योजना हवी, ते आपण स्वतः सांगायचं आहे. दुसऱ्या कुणी नाही."

चार चौपन्न. मी कागदावर लिहिलं, 'कुठली योजना?' पण रेइनो त्या कागदाकडे बघेचना! तो दुसऱ्याच कागदावर डोळे रोवून बसला होता, कपाळावर घाम, मार्कर हवेत. साठ बायका श्वास रोखून उभ्या. डार्लाने माझा हात घट्ट धरला. "सांगा ना त्यांना, वन्सं!"

"मला सांगता येत नाही गं!"

"सर?" मॅरिबेल म्हणाली. "आपण आहात ना?"

चार पंचावन्न. तेवढ्यात माझ्या कोपराला काहीतरी टोचलं. रोझेटा! या बाईला एवढ्या गडबडीतही खेळ संपवायचा होता. तिने चेंडू माझ्या नाकासमोर धरला. मी बघितलं. आणि मग मी माझं दुसरं काम केलं, जे करायला मला कुठल्याच नियमाने मनाई नव्हती. छाती भरून श्वास घेतला आणि रेइनोच्या बऱ्या कानात ओरडले, "जी! बावन्न!"

रेइनो खुर्चीतून उडालाच! "जी! जी! जी! तेच पाहिजे होतं मला! जी!"

"योजना जी," मॅरिबेल म्हणाली. "नोंद झाली, सर. इतक्या आनंदाने कुणी विमा घेतलेला मी पहिल्यांदाच ऐकतेय."

"बिंगोऽऽ!" रेइनो ओरडला.

"हे काय म्हणाले ते?"

"आमच्याकडे आमेनला तसं म्हणतात," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चार सत्तावन्न.

डार्ला माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात. माझा भाऊ मात्र तो केशरी वेश सावरत, कुणाशी तरी हुज्जत घालत होता आणि हॅमकडे बोट दाखवत होता. हॅम शेवटी रोझेटाच्या सासूला गेलं. रेइनो दार आपटून जंगलात परतला. एवढा विमा मिळून हा रागावलाय कशाला, ते मला काही कळेना.

आठवड्याने डार्लाला टपालाने दोन पाकिटं आली. एकात जी योजनेचं कार्ड, दुसऱ्यात लिलीच्या फुलांचं चित्र असलेलं कंपनीचं सहवेदनापत्र. तिने ते नीट जपून ठेवलं. "पुढच्या वर्षी बिंगोला लावते," म्हणाली.

आणि मग जानेवारीत, बर्फ उपसताना, रेइनो पुन्हा 'पक्षी बघायला' थांबला. या वेळी खाली बसला. डार्लाने त्याला गाडीत घालून तडक शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. छातीतल्या दोन वाहिन्या उघडल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. पुढे खर्चाचा कागद आला तेव्हा डार्लाने मला फोन करून तो दोनदा वाचून दाखवला, कारण भरायचं जवळपास काहीच नव्हतं. मी फोन ठेवला आणि दारामागच्या कोटाला म्हटलं, बघ, असं करायचं असतं.

पण त्याआधीच, तो इस्पितळात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी त्याला भेटायला गेले होते. कानात यंत्र घालून, पांढऱ्याशुभ्र उशीवर टेकून बसला होता. नर्सही तिथेच होती. म्हटलं, एका स्वयंसेविकेच्या कामाचं चीज होताना चारचौघांनी ऐकायला हरकत नाही. मी विचारलं, "रेइनो, खरं सांग. इतक्या गोंधळात तू जीच का निवडलंस?"

"कारण एका जीवरच तर अडलं होतं!" तो म्हणाला. त्याने उशाशी ठेवलेल्या पाकिटातून काय काढावं? चुरगळलेलं बिंगोचं कार्ड! "हे बघ. बी-नऊ, आय-बावीस, मधलं घर फुकटचं, जी-बावन्न, ओ-पासष्ट! ओळ पुरी! डार्ला म्हणाली होती, चला हो, हॅम देताहेत. म्हणून तर जंगलातून आलो. काल आल्या आल्या इथल्या मुलीने कार्ड मागितलं, मी हेच दिलं, तर हसते कशी! ताई, ओ-पासष्ट तूच ओरडली होतीस. तू माझं एक हॅम देणं लागतेस!"

"आणि जी नि एनचा तक्ता?"

"कसला तक्ता?"

नर्स खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

आता तुम्ही विचाराल, त्या चेंडूवर खरंच जी-बावन्न होतं ना? होतं हो! माझा चष्मा फळ्यापाशी राहिला होता, पण होतं! साक्षीला रोझेटा होती. तिला आवाज नव्हता, तो काय माझा दोष?

हॅम मी दुसऱ्याच दिवशी विकत घेऊन नेऊन दिलं, लाल रिबिन बांधून. पण डॉक्टरांनी रेइनोचं मीठ बंद केलंय, त्यामुळे ते डार्लाने आणि नर्सने खाल्लं. तेव्हापासून तो रोज फोन करून विचारतो, "ताई, हॅम खाता येईल अशी योजना कुठल्या अक्षराची आहे गं?"

मी सांगते, बाबा रे, मला सल्ला द्यायची परवानगी नाही.